‘देवदास’ समजून घेताना: शरच्चंद्रांच्या कादंबरीपासून बिमल रॉय यांच्या चित्रपटापर्यंत

‘देवदास’ची गोष्ट विचारली तर बहुतेक जण ती दोन वाक्यांत सांगून मोकळे होतात. जमीनदाराचा मुलगा आणि शेजारची मुलगी यांचे बालपणापासून प्रेम असते, घरचे लग्नाला नकार देतात, तिचे दुसरीकडे लग्न होते आणि हा दारू पिऊन मरतो. हे कथानक बरोबर आहे, पण त्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रेमभंगाच्या कथा प्रत्येक भाषेत डझनांनी असताना नेमकी हीच कथा चित्रपटसृष्टीने मूकपटाच्या काळापासून आजवर पुन्हा पुन्हा का सांगितली? आणि त्यातही बिमल रॉय यांनी १९५५ साली केलेला हिंदी चित्रपट जाणकारांना आजही मापदंड का वाटतो? या प्रश्नांकडे जाण्यासाठी आधी कादंबरीत नेमके काय आहे ते पाहावे लागते, कारण चित्रपट न पाहता किंवा कादंबरी न वाचता केवळ ऐकीव माहितीवर देवदासबद्दल जी मते बनली आहेत, त्यांतली बरीच चुकीच्या पायावर उभी आहेत.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचा जन्म १८७६ साली हुगळी जिल्ह्यातल्या देवानंदपूर गावी झाला. ‘देवदास’ त्यांनी ऐन पंचविशीच्या आसपास लिहिली, मात्र ती पुस्तकरूपाने आली १९१७ मध्ये, म्हणजे त्यांचे नाव बंगालभर झाल्यानंतर. स्वतः लेखकाला ही कादंबरी फारशी पसंत नव्हती आणि ती छापायला ते नाखूषच होते. वाचकांनी त्यांचे ऐकले नाही. महाराष्ट्रात शरदबाबूंची ओळख झाली ती मुख्यतः मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे, आणि एका पिढीला तर ते मराठीच लेखक वाटावेत इतके हे अनुवाद घरोघरी वाचले गेले.

आता नकाराचा मुद्दा घेऊ. श्रीमंत-गरीब हा भेद कथेत आहे, पण मुख्य अडसर तो नाही. देवदास मुखर्जींच्या घरचा आणि पार्वती चक्रवर्तींच्या घरची. दोन्ही घरे ब्राह्मणांची आणि तालसोनापूर गावात एकमेकांना लागून असलेली. परंतु बंगालमधल्या ब्राह्मणांत कुलीनतेच्या पायऱ्या होत्या, आणि एकाच जातीतले असूनही वरच्या पायरीचे घर खालच्या पायरीवरची मुलगी सून म्हणून सहसा करून घेत नसे. चक्रवर्तींच्या घराण्यात मुलीच्या लग्नात वरपक्षाकडून पैसे घेण्याची, म्हणजे आपल्याकडे ज्याला देज म्हणत तशी, प्रथा होती. असल्या घराला बंगालीत ‘बेचाकेना’चे घर म्हणून हिणवले जाई. पार्वतीच्या आजीने मोठ्या आशेने विषय काढला तेव्हा देवदासच्या आईबापांनी दोन कारणे पुढे केली: मुलींची खरेदी-विक्री करणाऱ्या घराशी सोयरीक नको, आणि घराला घर लागून असलेल्या ठिकाणी व्याही करणे शोभत नाही. हा अपमान पार्वतीच्या वडिलांच्या जिव्हारी लागला, आणि त्यांनी चिडून हातीपोता गावचे चाळिशीच्या घरातले विधुर जमीनदार भुवन चौधरी यांच्याशी मुलीचे लग्न ठरवले. म्हणजे पार्वतीचा नवरा देवदासपेक्षा गरीब तर नाहीच, उलट चांगला गडगंज आहे. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर ती वरच्याच घरात गेली. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की ‘गरीब मुलगी’ ही चौकट गळून पडते आणि कथेचा खरा विषय, म्हणजे घराण्याच्या तोऱ्याने घेतलेले बळी, समोर येतो.

देवदास ज्या वर्गातला आहे तोही समजून घ्यायला हवा. १७९३ साली कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा पद्धत लागू केली. सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरवून टाकल्यामुळे जमीनदार हा वर्ग तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला. आपल्याकडे मुख्यतः रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत, असल्याने हे चित्र मराठी वाचकाला जरा परके वाटते. शेतावर न राबता, व्यापार न करता, नोकरीही न धरता आयुष्यभर खर्चायला पैसा मिळत राहील अशी सोय असलेला तरुण म्हणजे देवदास. त्याला कलकत्त्याला शिकायला पाठवतात. तो तिथे शहरी कपडे, शहरी सवयी उचलतो, पण शिक्षणाने त्याच्या आयुष्यात काही करण्याची गरज निर्माण होत नाही. त्याची दारू वडिलोपार्जित उत्पन्नावर चालते आणि त्याच्या उशाशी धर्मदास नावाचा जुना नोकर असतो. रोजंदारीवरच्या माणसाला अशा पद्धतीने, इतका वेळ घेऊन, स्वतःचा नाश करून घेणे परवडले नसते. देवदासवर प्रेम करणाऱ्या रसिकांना हे ऐकायला आवडत नाही, पण शरच्चंद्रांनी ते पुरेसे स्पष्ट लिहिले आहे. आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. पश्चिम बंगालमध्ये जमीनदारी संपवणारा कायदा १९५३ साली झाला आणि दोन वर्षांनी बिमल रॉय यांचा चित्रपट आला. मोडीत निघालेल्या वर्गाची कथा तो वर्ग मोडीत निघत असतानाच पडद्यावर आली.

कादंबरीच्या मध्यभागी दोन भेटी आहेत आणि सारे त्यांच्यावर उभे आहे. पहिलीत पार्वती मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते. कादंबरीत ती अवघी तेरा वर्षांची आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नाला आलेली. कोणी पाहिले तर काय होईल, हे ती जाणून आहे आणि तरीही ती स्वतः होऊन त्याच्या पायाशी जागा मागते. देवदास तिच्या अब्रूच्या काळजीने घाबराघुबरा होतो, वडिलांकडे कसाबसा विषय काढतो, नकार मिळताच कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पत्र धाडतो. आपल्या आईवडिलांना दुखावणे शक्य नाही आणि तुझ्यावर आपले विलक्षण प्रेम आहे असे आपल्याला कधी वाटलेच नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्र टाकताक्षणी त्याला पश्चात्ताप होतो आणि तो धावत गावी परततो.

तिथे तळ्याकाठी दुसरी भेट होते. देवदास आता आईवडिलांची समजूत घालायला तयार आहे, पण पार्वती बदलली आहे. तुला आईबाप आहेत तसे मलाही आहेत, त्यांच्या इच्छेला किंमत नाही का, असे ती त्याला सुनावते आणि ज्याचे मन आज इथे तर उद्या तिथे त्याच्यावर विसंबू कशी, असेही विचारते. मानी मुलीने दिलेले हे सडेतोड उत्तर देवदासला सहन होत नाही. चंद्र इतका सुंदर म्हणूनच त्याच्यावर डाग आहे, असे म्हणत तो हातातल्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर घाव घालतो. रक्त येते आणि व्रण कायमचा राहतो. आजच्या वाचकाला या प्रसंगाचा राग येतो आणि तो यायलाच हवा. कादंबरी या माराला प्रेमाची खूण बनवते. लहानपणापासून देवदास पारोला, म्हणजे पार्वतीला, मारत आला आहे आणि ती ते लपवत आली आहे, हा धागा लेखकाने आधीपासून विणलेला आहे. चित्रपटानेही हा प्रसंग टाळलेला नाही, आणि माझ्या मते त्याचा पुरता जाबही विचारलेला नाही. या कलाकृतीतली ही एक उणी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

पार्वतीच्या लग्नानंतर कादंबरी दोन वाटांनी चालते. हातीपोत्याला पार्वती आपल्यापेक्षा वयाने मोठ्या सावत्र मुलांची आई होते. सावत्र मुलगी यशोदा या नव्या आईवर रुसून माहेरी येत नसते. पार्वती तिला बोलावून घेते, स्वतःच्या अंगावरचे दागिने तिला घालते आणि जिंकून घेते. घराचा कारभार, दानधर्म, थोरल्या मुलाचे लग्न हे सारे ती इतक्या शांतपणे सांभाळते की नवराही तिच्यापुढे संकोचतो. तिकडे कलकत्त्यात चुनीलाल हा मित्र देवदासला चंद्रमुखी या नर्तकीकडे घेऊन जातो. देवदास तिचा उघड तिरस्कार करतो आणि चंद्रमुखीला नेमके तेच लागते, कारण तिच्या दारात येणाऱ्या पुरुषांत घृणा दाखवण्याइतका प्रामाणिक कोणी तिला भेटलेला नसतो. ती पेशा सोडते, नदीकाठच्या एका खेड्यात साधेपणाने राहू लागते, पुढे त्याचा शोध घेत पुन्हा शहरात येते आणि रस्त्यावर दारूच्या धुंदीत पडलेल्या देवदासला उचलून घरी नेते.

या दोन स्त्रियांचे आयुष्य पुढे सरकते, त्या निर्णय घेतात आणि निभावतात. देवदास मात्र प्रत्येक वेळी उशिरा पोहोचतो. पत्र पाठवून झाल्यावर त्याला प्रेम कळते, लग्न ठरल्यावर तो मागणी घालतो, आणि मरण्यापूर्वी एकदा तरी तुझ्या दारी येईन हे पार्वतीला दिलेले वचन तो अक्षरशः शेवटच्या तासात पाळतो. ही उशिराची शोकांतिका आहे, असे मला वाटते, आणि बिमल रॉय यांच्या चित्रपटाचे मोठेपण त्यांनी हे मर्म ओळखले यात आहे.

पडद्यावरची देवदासची परंपरा त्यांच्यापासून सुरू झालेली नाही. १९२८ साली नरेश मित्र यांनी मूकपट केला. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी बंगालीत चित्रपट केला आणि त्यात स्वतः देवदासची भूमिका केली. त्याच संस्थेच्या हिंदी आवृत्तीत देवदास झाले कुंदनलाल सैगल, आणि ‘बालम आये बसो मोरे मन में’ घरोघरी पोहोचले. या हिंदी आवृत्तीचा कॅमेरा होता तरुण बिमल रॉय यांच्या हाती. म्हणजे १९५५ साली ते ज्या कथेकडे परतले ती त्यांनी वीस वर्षांपूर्वी भिंगातून, प्रसंगामागून प्रसंग, पाहिलेली होती. मधल्या काळात ते मुंबईत आले होते, ‘दो बिघा ज़मीन’ने त्यांचे नाव झाले होते आणि ‘परिणीता’ व ‘बिराज बहू’ या शरच्चंद्रांच्याच दोन कथांवर चित्रपट करून झाले होते. पटकथा नबेंदू घोष यांची, संवाद उर्दूतले मातब्बर कथाकार राजिंदरसिंह बेदी यांचे, गीते साहिर लुधियानवींची, संगीत सचिनदेव बर्मन यांचे, छायाचित्रण कमल बोस यांचे आणि संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे. बंगाली मातीतला विषय, उर्दू-हिंदी जबान आणि मुंबईचा स्टुडिओ असा हा मिलाफ होता.

कादंबरीचा चित्रपट करताना सर्वांत अवघड काय असते? कथानक कापून बसवणे हे तुलनेने सोपे काम आहे. अवघड असते ते लेखकाच्या आवाजाचे काय करायचे हे. शरच्चंद्रांच्या कादंबरीत लेखक सतत आपल्याशी बोलत असतो. पात्रांच्या मनातले सांगतो, कधी त्यांना टोमणा मारतो, कधी त्यांची कीव करतो. देवदास मूर्खपणे वागतो तेव्हा तो मूर्ख आहे हे लेखक आडपडदा न ठेवता सुचवतो आणि तरीही त्याच्याबद्दल माया वाटायला लावतो. पडद्यावर असा निवेदक ठेवला तर चित्रपट जागच्या जागी थांबतो, आणि काढून टाकला तर उरते ती नुसती रडकथा. बिमल रॉय यांनी हे काम तीन जणांत वाटून दिले: नटाच्या चेहऱ्याला, वाटेवरच्या गायकांना आणि त्यांनी स्वतः घडवलेल्या काही मूक प्रसंगांना.

गायकांचे उदाहरण पाहू. कादंबरीत एक छोटासा प्रसंग आहे. देवदासने छोट्या पारोकडे तीन रुपये सांभाळायला दिलेले असतात. रस्त्यात तिला गाणाऱ्या तीन वैष्णवी भेटतात आणि ती तिन्ही रुपये त्यांना देऊन टाकते. मुलीचा निर्व्याज स्वभाव दाखवून लेखक पुढे जातो. चित्रपटात हेच बीज वाढून वैष्णव गायकांची गाणी झाली. मन्ना डे आणि गीता दत्त यांच्या आवाजातले ‘आन मिलो आन मिलो श्याम साँवरे’ ऐकताना राधेचा विरह आणि पारोचा विरह वेगळे काढता येत नाहीत. पारोला स्वतःच्या तोंडाने जे म्हणता येणार नाही, ते दुसरेच कोणीतरी देवाच्या नावाने म्हणून जाते. कादंबरीतला निवेदक इथे एकतारी घेऊन आला आहे, आणि कथेला तो थांबवत नाही.

दिलीपकुमार यांचा अभिनय हा दुसरा भाग. सैगल यांचा देवदास गात होता आणि लोकांना तो गाण्यांतून आठवत होता. दिलीपकुमार यांच्या देवदासच्या वाट्याला तलत महमूद यांच्या कापऱ्या आवाजातली ‘मितवा’ आणि ‘किसको खबर थी’ एवढीच गाणी आहेत. बाकी सारे त्यांनी बोलण्याच्या गतीवर आणि न बोलण्यावर पेलले. बेदींचे संवाद पल्लेदार आहेत. सहन करता यावे म्हणून कोण पितो, मी तर नुसता श्वास घेता यावा म्हणून पितो, अशा अर्थाचे वाक्य एखाद्या नटाने टाळी घेण्यासाठी फेकले असते. दिलीपकुमार ते जवळजवळ पुटपुटतात, जणू समोर ऐकणारे कोणी आहे याचे भानच उरलेले नाही. त्यांचा दारुडा झोकांड्या खाताना कमी दिसतो आणि थकलेला जास्त दिसतो. त्यांच्यासमोर मोतीलाल यांचा चुनीबाबू आहे: मिश्कील, सभ्य, मित्राला खड्ड्यात नेणारा आणि तरीही ज्याचा राग येत नाही असा. मोतीलाल यांच्या सहजतेमुळे देवदासचे अधःपतन नाटकी होत नाही, हे या चित्रपटाचे फारसे न बोलले गेलेले बलस्थान आहे.

वयाचा बदलही अर्थ बदलणारा ठरला. कादंबरीतली तेरा वर्षांची पार्वती पडद्यावर सुचित्रा सेन यांच्या रूपाने पूर्ण वाढलेली तरुणी झाली. हा सुचित्रा सेन यांचा पहिला हिंदी चित्रपट. मध्यरात्रीची भेट आता अजाण मुलीचे धाडस राहत नाही. परिणाम जाणणाऱ्या स्त्रीने जाणूनबुजून उचललेले पाऊल होते. तिच्या मानाने देवदास अधिकच लहान वाटू लागतो, आणि तळ्याकाठी ती नकार देते तेव्हा प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो.

तिसरा भाग म्हणजे दिग्दर्शकाने स्वतः घडवलेले प्रसंग. त्यांत सर्वांत नावाजलेला प्रसंग पार्वती आणि चंद्रमुखी यांच्या भेटीचा आहे. कादंबरीत या दोघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. चंद्रमुखी देवदासच्या गावापर्यंत जाते, पण पार्वतीची आणि तिची गाठ पडत नाही. बिमल रॉय यांनी त्यांना एका रस्त्यावर आणले. एकीकडून पार्वतीची पालखी येते, दुसरीकडून चंद्रमुखी पायी येते. दोघींची नजर एकमेकींवर पडते, क्षणभर खिळते, आणि दोघी आपापल्या वाटेने निघून जातात. एक शब्दही बोलला जात नाही. ही कोण असेल, हे दोघींनाही सांगणारे कोणी नाही. पालखीतली आणि पायी चालणारी यांच्यातले सामाजिक अंतर त्या चौकटीत स्पष्ट आहे आणि त्यांचे दुःख एकच आहे हेही. या जागी २००२ सालच्या संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटाने काय केले ते आठवून पाहावे: तिथे पारो चंद्रमुखीला घरच्या उत्सवाला बोलावते आणि दोघी मिळून ‘डोला रे’वर नाचतात. भव्यता म्हणून ते नृत्य देखणे आहे, परंतु ज्या समाजात या दोघींना एकमेकींशी बोलण्याचीही सोय नव्हती, तो समाजच त्यात नाहीसा होतो. मला बिमल रॉय यांची वाट अधिक पटते.

शेवटाच्या बाबतीत मात्र कादंबरी अधिक कठोर आहे. मुंबईहून निघालेला, पोटाच्या विकाराने खंगलेला देवदास पांडुआ स्टेशनवर उतरतो आणि बैलगाडीने हातीपोत्याची वाट धरतो. तो पोहोचतो तेव्हा रात्र झालेली असते. गाडीवान त्याला जमीनदाराच्या वाड्यासमोरच्या पिंपळाखाली उतरवतो आणि सकाळी तो मरतो. त्याच्या प्रेताला गावातले कोणी हात लावत नाही आणि अखेर ते चांडाळांच्या हवाली केले जाते. ज्या जातीच्या, कुळाच्या तोऱ्यापायी लग्न मोडले, तोच तोरा शेवटी प्रेतालाही आडवा येतो. लेखकाने इथे वर्तुळ निर्दयपणे पूर्ण केले आहे. त्यानंतर शरच्चंद्र वाचकाला उद्देशून विनवतात की, असा कोणी अभागी भेटलाच तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, निदान मरताना कपाळावर कोणाचा तरी मायेचा हात असावा एवढी. चित्रपटाने हा उपसंहार सोडून दिला आणि सारा भर पार्वतीच्या धावण्यावर आणि तिच्यासमोर बंद होणाऱ्या दारांवर दिला. दृश्य म्हणून ते जबर आहे. तरीही प्रेताच्या विटंबनेतली ती जातीची चपराक त्यात सौम्य झाली, हे मान्य करावे लागते.

या चित्रपटाची नायिका कोण, हा वाद चित्रपट आला तेव्हापासून आहे आणि त्याला एक ठोस संदर्भ आहे. दिलीपकुमार आणि मोतीलाल यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले आणि चंद्रमुखी साकारणाऱ्या वैजयंतीमाला यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी तो नाकारला. आपली भूमिका पार्वतीच्या तोलाची आहे, ती साहाय्यक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नावांच्या क्रमवारीवरून पाहिले तर हा हट्ट वाटेल. पण ज्या दिग्दर्शकाने मूळ कादंबरीत नसलेली भेट घडवून दोघींना एकाच रस्त्यावर, एकाच नजरेच्या रेषेत आणले, त्याच्या चित्रपटापुरते तरी वैजयंतीमाला यांचे म्हणणे बरोबर होते.